आमची वाटचाल: गाडी मालकाच्याच गॅरेजमध्ये

आमचं वर्कशॉप न्यू जर्सीत आहे आणि आम्ही एकाच घराण्याच्या गाड्यांचं काम करतो: निसान कंपनीची जुनी जपानी स्पोर्ट्स कार डॅटसन २४० झेड, आणि तिच्या पाठच्या २६० व २८० झेड. तरीही आमच्याकडे आलात तर अख्खी गाडी क्वचितच दिसेल. दिसतील त्या कार्ब्युरेटरच्या (इंजिनाला हवा-पेट्रोलचं मिश्रण पुरवणाऱ्या भागाच्या) जोड्या, मागच्या सस्पेन्शनचे आर्म, वायरिंगची वेटोळी आणि वाकवून तयार ठेवलेले पत्रे. गाडी असते ओहायोत, व्हर्जिनियात, कुणाच्या तरी घरच्या गॅरेजमध्ये, आणि तिच्यावर काम करत असतो तिचा मालक. धंदा असाच करायचा, हे आम्ही नवरा-बायकोने सुरुवातीलाच ठरवलं होतं.

ही गाडी घरी दुरुस्त होऊ शकते, कारण ती मुळात साधी आहे. ऑक्टोबर १९६९ मध्ये निसानने जपानमध्ये ती ‘फेअरलेडी झेड’ म्हणून लोकांसमोर आणली. अमेरिकेत निसानचा कारभार पाहणारे युताका कातायामा यांना ते नाव इथे चालणार नाही याची खात्री होती, म्हणून इथे ती डॅटसन २४० झेड झाली. किंमत ३,५२६ डॉलर. तेवढ्यात २,३९३ सीसीचं सहा सिलिंडरचं ओव्हरहेड कॅम इंजिन, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि पुढे डिस्क ब्रेक. त्या पैशात असली स्पोर्ट्स कार तेव्हा दुसरं कोणी देत नव्हतं. भारतीय माणसाला अभिमान वाटावा अशीही एक गोष्ट तिच्या नावावर आहे. १९७३ ची ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली युगांडात जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या शेखर मेहतांनी २४० झेडमध्ये जिंकली. ती रॅली बरोबरीत सुटली होती आणि नियमाने पहिला क्रमांक मेहतांना मिळाला. पुढे त्यांनी ती आणखी चार वेळा जिंकली. आमच्या भिंतीवर एकच फोटो आहे, तो त्या चिखलाने माखलेल्या गाडीचा.

मी मूळचा कोल्हापूरचा. बाबांचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप होतं, त्यामुळे शाळा सुटली की लोखंडाच्या किसाच्या वासातच वाढलो. शिकून इथे आलो, नोकरी धरली, घर घेतलं, आणि २०११ च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातल्या एका कोठारातून १९७२ ची २४० झेड आणली. आमच्या गावात नोंदणी नसलेली गाडी ड्राइव्हवेत उभी करायला मनाई आहे. म्हणून ती गॅरेजमध्ये गेली आणि आमच्या रोजच्या दोन्ही गाड्या हिवाळाभर बाहेर बर्फात उभ्या राहिल्या. बायकोने त्यावर कधी कुरकुर केली नाही. उलट पहिल्याच आठवड्यात गाडीचा फ्यूजबॉक्स काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडून बसली ती तीच.

झेड हातात घेतलेला प्रत्येक जण आधी इंजिनाकडे धावतो. इंजिनाची चिंता सगळ्यात शेवटी करावी असं माझं ठाम मत आहे. हे इंजिन कमालीचं टणक आहे. तेल आणि पाणी वेळच्या वेळी मिळालं तर कुरकुरत नाही. थंड इंजिनावर इनलेट व्हॉल्व्हला आठ थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि एक्झॉस्टला दहा थाउचा गॅप, तो मोजायची फीलर गेजची पट्टी आणि दोन पाने एवढ्यात टॅपेट सेटिंग होतं. ही गाडी मरते ती पत्र्याने. पत्रा पातळ, त्या काळचं गंजरोधक काम तोकडं, आणि आमच्याकडे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. बॅटरीचा ट्रे ॲसिडने आधी जातो, मग ते ॲसिड बॉडीला खालून आधार देणाऱ्या पोकळ पट्टीत, म्हणजे रेलमध्ये उतरतं. काचेखालच्या काउलमधून येणारं पाणी पुढच्या मडगार्डच्या मागे, साचलेल्या पाल्यापाचोळ्यात मुरतं. दरवाजाखालचा रॉकर, मागच्या चाकापुढचा खालचा कोपरा, स्टेपनीचा खड्डा, डिकीच्या झाकणाखालची पट्टी, फ्लोअरखालचे रेल: गाडी पाहायला जाल तेव्हा रंग बघू नका, या जागा बघा. बरोबर लोहचुंबक ठेवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे.

आणि कापायची घाई करू नका. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा. रॉकर कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत पाइपचे आधार वेल्ड करावे लागतात, नाहीतर गाडी मधून बसते आणि मग दरवाजा जन्मात नीट लागत नाही. एका बाजूचं काम संपल्याशिवाय दुसऱ्या बाजूला हात लावू नये. वेल्डिंग सलग न ओढता लांब लांब अंतरावर टाके घ्यायचे, गार होऊ द्यायचं, मग मधल्या जागा भरायच्या. हे सगळं माणूस घरी मिग वेल्डिंग मशीनवर शिकू शकतो आणि शिकतोही. त्याला जमत नाही ते नेमक्या आकाराचा पत्रा वाकवणं, कारण त्याच्याकडे पत्रा वाकवायचं यंत्र (ब्रेक) आणि कापायचं यंत्र (शिअर) नसतात. तिथे आम्ही येतो. मालक मापं आणि फोटो पाठवतो, आम्ही फ्लोअरचे रेल आणि कोपऱ्यांचे तुकडे करून पाठवतो.

धंद्याचं पहिलं उत्पन्न मात्र पत्र्याचं नाही, कार्ब्युरेटरचं. २४० झेडला हिताचीचे दोन एसयू पद्धतीचे कार्ब्युरेटर असतात. इंजिन जितकी हवा ओढतं तितका आतला पिस्टन वर उचलला जातो, त्याला लावलेली निमुळती सुई जेटमधून बाहेर येते आणि पेट्रोल त्या प्रमाणात वाढतं. इतकी सुंदर आणि सरळ रचना मी दुसरी पाहिलेली नाही. पण हवेची झडप ज्या दांड्यावर फिरते त्या थ्रॉटल शाफ्टची भोकं पन्नास वर्षांत झिजतात. मग लोक स्क्रू फिरवत बसतात आणि आयडलिंग काही स्थिर होत नाही. आमच्या पहिल्या जोडीचं असंच चाललं होतं. व्हिडिओ कॉलवर बाबांना शाफ्ट हलवून दाखवला तर ते म्हणाले, “भोक मोठं झालंय रं. हवा चोरतंय ते. बुश घाल.” मी गॅरेजमध्ये एक जुना लेथ आणला, कार्ब्युरेटरच्या बॉडीतली भोकं रीम करून (घासून नेमक्या मापाची करून) त्यात कांस्याचे बुश, म्हणजे नळीसारखे अस्तर, बसवले, आणि इंजिन शांत फिरू लागलं. ओळखीच्या झेडवाल्यांनी आपापल्या जोड्या पाठवायला सुरुवात केली. पुढे कामं इतकी आली की मी नोकरी सोडली. १९७३ च्या गाड्यांवरचे चपट्या डोक्याचे कार्ब्युरेटर धुराच्या नियमांसाठी बनवलेले, गुंतागुंतीचे. ते आम्ही घेत नाही. त्या मालकांना आधीच्या वर्षांची गोल डोमची जोडी शोधा असं सांगतो.

मागच्या सस्पेन्शनचा आर्म ज्या पिनेवर बसतो ती स्पिंडल पिन हे दुसरं दुखणं. ती लांबलचक पिन गंजून घट्ट बसते आणि हातोडा मारला की तिचे आटे फुगतात. त्यासाठी आम्ही खेचून काढणारा पुलर बनवला. तो भाड्याने पाठवतो, काम झालं की परत येतो.

वायरिंग पूर्णपणे बायकोचं खातं आहे. ती इलेक्ट्रॉनिक्सची. या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो, त्यामुळे स्विचचे कॉन्टॅक्ट जळतात आणि फ्यूजबॉक्सचं प्लास्टिक वितळतं. ती मूळ कनेक्टरला हात न लावता मध्ये रिले (मोठा करंट स्वतःतून नेणारा वेगळा स्विच) घालणारं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, बनवते. एकही मूळ वायर कापायची नाही, हा तिचा नियम. उद्या कुणाला गाडी जशीच्या तशी हवी असेल तर हार्नेस काढलं की झालं.

जानेवारी २०२० मध्ये १९७१ ची एक २४० झेड ऑनलाइन लिलावात ३,१०,००० डॉलरला गेली. त्यानंतर आम्हाला येणारे फोन बदलले. “किती खर्च केला तर किती येतील?” असं विचारणारे वाढले. ती गाडी कमी चाललेली आणि मूळ अवस्थेत सांभाळलेली होती. कापून जोडलेल्या गाडीला तो भाव लावू नये, हे आम्ही प्रत्येकाला स्पष्ट सांगतो. यात काही गिऱ्हाइकं गेली. जी राहिली ती गाडी चालवणारी माणसं आहेत, आणि त्यांच्यासाठी काम करायला आम्हाला मनापासून आवडतं. त्यात एक निवृत्त शिक्षिका आहेत, ज्यांनी नातीला बरोबर घेऊन फ्लोअर वेल्ड केला. इथल्याच एडिसन गावचं एक मराठी कुटुंब आहे, जिथे वडील आणि मुलगी रविवारी फक्त गाडीपाशीच भेटतात आणि दोघांनाही ते चालतं.

रंगाचं काम मात्र घरी करू नका. हार्डनर घातलेल्या टू-के रंगात आयसोसायनेट असतं. साधा मास्क त्याला पुरत नाही, बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो, आणि एकदा त्याची दम्यासारखी बाधा झाली की पुढे थोडासा वासही सोसत नाही. घासणं आणि तयारी घरी करा, प्रायमरही बंद खोलीत मारू नका, फवारा पेंट बूथवाल्याकडून मारून घ्या. न्यू जर्सीसारख्या ठिकाणी वर्षाची वाटणीही तशीच करावी: हिवाळ्यात वेल्डिंग, मे महिन्यानंतर रंग. थंडीत प्रायमर नीट वाळत नाही.

अलीकडे आम्ही घराबाहेर भाड्याची जागा घेतली. ब्रेक आणि शिअर तिथे आहेत, लेथ तोच जुना. सध्या २८० झेडच्या फ्लोअर रेलचे साचे चालू आहेत. ते २४० पेक्षा वेगळे असल्याने मापं नव्याने घ्यावी लागली. कार्ब्युरेटरची कामं नेहमीप्रमाणे घेतो. पाठवण्याआधी पेट्रोल पूर्ण काढा, डोममधलं डँपरचं तेल ओतून टाका, आणि पुढच्या-मागच्या डोमवर खूण करा. प्रत्येक डोम आणि त्याचा पिस्टन एकमेकांच्या मापाचे असतात, त्यांची अदलाबदल झाली तर पिस्टन अडकतो.