आयातीमुळे कारखाना बंद पडला तर कामगाराला कोण सावरणार?

अमेरिकेत १९६२ साली, केनेडी राष्ट्राध्यक्ष असताना, एक कायदा झाला आणि त्यात सरकारने एक गोष्ट सरळ मान्य केली, ती आपल्याकडे अजून कोणी धड बोलून पण दाखवत नाही. बाहेरचा माल स्वस्तात येऊ द्यायचा हा निर्णय सरकारचा, त्याचा फायदा सगळ्यांना थोडा थोडा मिळतो पण ज्याचा कारखाना त्यापायी बंद पडतो त्याचं सगळंच जातं, मग त्याला सावरणं हे पण सरकारचंच काम. ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स, म्हणजे टीएए, ती हीच योजना.

सुरुवातीला अटी इतक्या कडक होत्या की पहिली काही वर्षं एकही अर्ज मंजूर झाला नाही. मग १९७४ च्या कायद्याने त्या सैल केल्या. मला यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे एकाच ठिकाणचे तीन कामगार मिळून स्वतः अर्ज करू शकत होते, मालकाने हो म्हणायची वाट बघायची नाही, युनियन पाहिजेच असं पण नाही. लेबर डिपार्टमेंट चौकशी करायचं की काम खरंच आयातीमुळे गेलं का, आणि ते सिद्ध झालं की नवीन काम शिकायचा खर्च, शिकताना घर चालवायला दर आठवड्याला पैसे, दुसऱ्या गावी नोकरी मिळाली तर तिकडे जायचा खर्च. २००९ मध्ये तर सेवा क्षेत्र पण त्यात आलं, म्हणजे तिकडचं काम उचलून आपल्याकडे भारतात आणलं तरी तिकडच्या माणसाला मदत मागता येत होती!

आणि पन्नाशी उलटलेल्यांसाठी वेगळी सोय होती. कमी पगाराची नोकरी धरली तर जुन्या आणि नव्या पगारात जो फरक पडतो त्यातला अर्धा सरकार द्यायचं, दोन वर्षांपर्यंत, जास्तीत जास्त १०,००० डॉलर. हे वाचलं आणि मला माझा मामाच आठवला. वसईला छत्र्यांच्या गाळ्यात होता तो, काड्या बसवण्यापासून पॅकिंगपर्यंत सगळं यायचं त्याला. चीनवरून तयार छत्र्या यायला लागल्या, शेठने आधी रात्रीची पाळी बंद केली, मग माणसं कमी केली, मग एका दिवाळीनंतर गाळा उघडलाच नाही. मामा तेव्हा बावन्नचा. आता कांदिवलीला एका टॉवरमध्ये वॉचमन आहे, पगार एकोणीस हजारावरून बारा हजारावर आला. अर्धा फरक म्हणजे महिना साडेतीन हजार, आणि त्यांच्या घरात तेवढ्यात पोरीच्या क्लासची फी निघाली असती.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात, २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे, कारखाना बंद पडला किंवा कपात झाली तर पहिल्या वर्षी पगाराच्या ५० टक्के आणि दुसऱ्या वर्षी २५ टक्के. २०१८ ला अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली, ती ९० दिवसांपर्यंत पैसे द्यायची. पण दोन्हीला ईएसआयमध्ये तुमचं नाव पाहिजे. ईएसआय लागतो दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला, मामाच्या गाळ्यात माणसं वीसच्या वर असायची पण कागदावर आठच, बाकीचे ठेकेदाराचे, ज्यांची हजेरी एका वहीत. असा माणूस कुठल्या खिडकीवर जाऊन उभा राहणार?

मुंबईला हे नवीन पण नाही. १९८२ च्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार उतरले होते, पुढे गिरण्या बंद पडल्या त्याचं कारण आयात नव्हतं, संप होता, भिवंडीचे पॉवरलूम होते, गिरण्यांच्या जमिनीचा हिशेब होता. १९८६ साली केंद्राने टेक्स्टाईल कामगारांसाठी पुनर्वसन निधी काढला, पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, मग ५०, मग २५. चांगली योजना होती हो. पण गिरणी कायद्याने कायमची बंद झालेली लागायची आणि लालबाग-परळला किती गिरण्या अशा होत्या ज्या ना धड चालू ना धड बंद, त्यांचे कामगार नुसते अधांतरी राहिले.

मला राग येतो तो याचाच, की नुकसान होतंय हे सरकारला माहीत असतं. २०२२ च्या बजेटमध्ये छत्र्यांवरची ड्युटी, म्हणजे आयातीवरचा कर, २० टक्के केली, खेळण्यांवरची २०२० मध्ये २० वरून थेट ६० केली आणि २०२३ ला ७०. म्हणजे आयातीने इथले धंदे मरतायत हे कागदावर मान्य आहे. पण ड्युटी वाढली की जो मालक अजून तग धरून आहे तो वाचतो, आधीच घरी बसलेल्या कामगाराच्या हातात त्यातलं काय पडतं? त्या ड्युटीचा एक हिस्सा त्या त्या धंद्यातून बाहेर पडलेल्या माणसांसाठी बाजूला काढा ना, आणि पुरावा म्हणून पगारपत्रकच मागू नका, बरोबर काम करणाऱ्या दोघा-तिघांची साक्ष चालू दे.

टीएए काही आदर्श नव्हती, ट्रेनिंग घेऊनही खूप जणांना जुन्या पगाराचं काम मिळालं नाही. आणि १ जुलै २०२२ पासून तर नवीन अर्ज मंजूर करणंच थांबलंय, कारण त्यांच्या संसदेने मुदत वाढवली नाही. साठ वर्षांची योजना अशी बसून गेली याचं मला खरंच वाईट वाटलं.

तुमच्या घरात कोणी गाळ्यात, छोट्या युनिटमध्ये काम करत असेल तर त्यांचा ईएसआय नंबर आहे का ते आजच विचारा, पगारातून पैसे कापले जातात पण भरले जातात का ते पण ऑनलाइन बघता येतं. आणि गाळा बंद व्हायची कुणकुण लागली तर शेठकडून कामावरून कमी केल्याचं लेखी घ्या, राजीनाम्यावर सही मागितली तर करू नका, कारण स्वतःहून काम सोडलं असं एकदा कागदावर आलं की ईएसआयच्या त्या दोन्ही योजनांचा दरवाजा बंद.