जागेपणीचा निरोप

काल रात्री ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेतला ‘मदर सिम्पसन’ हा भाग पुन्हा पाहिला आणि आज दिवसभर कशातही लक्ष लागले नाही. सातव्या पर्वातला हा भाग अमेरिकेत १९ नोव्हेंबर १९९५ रोजी पहिल्यांदा दाखवला गेला. त्याची कथा मला पाठ आहे, कुठल्या क्षणी हसू येणार हेही ठाऊक आहे. तरीही शेवटाकडे घरातला बाप होमर आपल्या आईला जे एक वाक्य म्हणतो, ते या वेळी मनातून जायला तयार नाही. या खेपेला तू निघताना निदान मी जागा तरी आहे, अशा अर्थाचे ते वाक्य आहे.

शनिवारी रस्त्याकडेचा कचरा वेचायला जावे लागू नये म्हणून होमर स्वतःच्या मरणाचे सोंग करतो. पुढे ते निस्तरता निस्तरता तो स्मशानभूमीत पोहोचतो आणि जी आई आपल्या लहानपणीच वारली असे तो इतकी वर्षे समजत आला होता, तीच त्याच्यासमोर उभी राहते. साठच्या दशकाच्या अखेरीस त्याच्या आईने, मोना सिम्पसनने, आपल्या साथीदारांबरोबर गावातल्या धनाढ्य मिस्टर बर्न्सच्या जंतुयुद्धाच्या प्रयोगशाळेत शिरून तिथले रोगजंतू नष्ट केले होते. पळताना तुडवल्या गेलेल्या बर्न्सला मदत करायला ती मागे वळली आणि त्यामुळेच ओळखली गेली. मग त्याच रात्री झोपलेल्या होमरचा निरोप घेऊन तिला घर सोडावे लागले.

आई परत आल्यावर होमर तिला काहीच विचारत नाही, हे मला आजवर खटकत आले आहे. चांगला बापमाणूस झालेला हा गडी तिच्यासमोर अंगणात उड्या मारतो, आई माझ्याकडे बघ, असे पुन्हा पुन्हा म्हणतो आणि ती बघते. राहिलेल्या वर्षांचा हिशोब मागतो तो एकटा होमरचा मुलगा बार्ट, आणि तोही थकलेल्या भेटवस्तूंचा. ती दर आठवड्याला मुलाला खाऊची पेटी पाठवत होती, पण त्या पेट्या टपाल कचेरीतच पडून राहिल्या, हे कळल्यावरही होमर चिडत नाही. मी चिडले असते. खरे तर मी अजूनही चिडलेलीच आहे, फक्त माझ्या वाट्याला कुठलीही न पोहोचलेली पेटी आली नाही.

आईला घरातून नेले, त्या रात्री मला कुणी उठवले नाही. सकाळी सात वाजता पेपर होता, म्हणून झोपू दे म्हणाले. दादाने ठरवले, वहिनीने मान डोलावली, काकांनी गाडी काढली आणि माझ्या खोलीचे दार ओढून घेतले गेले. मी पेपर देऊन आले, तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. पेपर चांगला गेला होता, हे मी नंतर कधीच कुणाला सांगितले नाही. बाबांबद्दल आज लिहीत नाही. या साऱ्यात माझा दोष नव्हता हे मला सगळे सांगतात, आणि दोष नसणे व जागे असणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना समजावता येत नाही.

काल मात्र माझी नजर प्रथमच होमरच्या वडिलांवर ठरली. आई मेली असे त्याला सांगणारे आबा सिम्पसनच होते. होमर जाब विचारतो तेव्हा ते म्हणतात की, तुझी आई पोलिसांना हवी असलेली गुन्हेगार आहे, हे का तुला सांगायला हवे होते? होमर आणि आबा या दोघांनाही डॅन कॅस्टेलानेटा यांनीच आवाज दिला आहे, त्यामुळे ज्याच्यापासून सत्य लपवले तो आणि ज्याने लपवले तो, दोघे एकाच गळ्यातून भांडतात. मला आजवर आबांचा रागच येत होता. काल पहिल्यांदा वाटले की, एका झोपलेल्या पोराकडे पाहून या माणसाने घाईघाईने काहीतरी ठरवले असेल आणि मग तेच आयुष्यभर निभावून नेले असेल. दादाही तेव्हा पंचविशीतला होता. वहिनी तर घरात नवी होती.

शेवटी पोलीसप्रमुख विगम फोनवरून सावध करतो, कारण तिच्या त्या कारवाईने त्याचा दमा बरा झाला होता, आणि मोनाला पुन्हा पळावे लागते. होमर तिला निर्जन रस्त्यावर सोडतो, ते वाक्य बोलतो आणि ती गेल्यावर गाडीच्या बॉनेटवर बसून आकाशाकडे पाहत राहतो. नावे सरकत असतात, मालिकेची नेहमीची धून वाजत नाही. वीस मिनिटांपूर्वी हसवणाऱ्या माणसाने इतके गप्प बसावे, याचे मला फार कौतुक वाटते.

पण जागेपणी घेतलेला तो निरोपही त्याला पुरलेला नाही. मोना नंतरही आली आणि गेली. ११ मे २००८ रोजी, तिकडच्या मातृदिनी, दाखवलेल्या भागात होमर तिच्यावर रागावतो, मग रात्री माफी मागायला तिच्यापाशी येतो, आणि ती खुर्चीतच गेलेली असते. त्या वेळी तो त्याच घरात होता, जागाही होता. मी त्या रात्री जागी असते तर माझे सगळे सुरळीत झाले असते, ही इतकी वर्षे धरून ठेवलेली समजूत या भागापुढे टिकत नाही. मला ते आवडलेले नाही, पण पटले आहे.

आता एकच विचारायचे राहिले आहे. निघताना मोना झोपलेल्या मुलापाशी थांबली होती. तशी आई माझ्या दाराशी थांबली होती का, की तिला स्ट्रेचरवरून थेट जिन्याने खाली नेले, हे फक्त दादाला माहीत आहे. रविवारी त्याच्याकडे जेवायला जायचे आहे. तो आधी पाण्याच्या टँकरविषयी बोलेल, मग मुलांच्या शाळेविषयी. वहिनी आत गेली की मी विचारणार आहे, आणि तो नाही म्हणाला, तरी जेवूनच परत येणार आहे.