शरद जोशींचं ते एक मत

सातारा, १२ डिसेंबर

आज शेतकरी नेते शरद जोशींचा स्मृतिदिन. २०१५ साली याच तारखेला ते पुण्यात गेले. जन्म मात्र आपल्या साताऱ्यातला, १९३५ चा. हे इथल्याच कितीतरी जणांना ठाऊक नसतं. त्यांचं नाव निघतं ते कांद्याच्या आंदोलनासाठी, शेतमालाच्या भावासाठी. मला आज त्यांचं राज्यसभेतलं एक मत आठवतंय.

९ मार्च २०१०. लोकसभा-विधानसभेतल्या एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखणारं महिला आरक्षण विधेयक राज्यसभेत मंजूर झालं. बाजूनं १८६, विरोधात १. तो एक म्हणजे शरद जोशी.

एवढंच ऐकलं तर हा माणूस बायकांच्या विरोधातला वाटेल. पण त्याआधीचं चांदवड विसरून कसं चालेल? १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या या गावी जोशींच्या शेतकरी संघटनेनं महिलांचं अधिवेशन भरवलं. भाकरी बांधून लाखोंनी बायका आल्या. जिल्हा परिषदेच्या सगळ्या जागा बायकांनीच लढवायच्या, असं तिथं ठरलं. तीस टक्के नाही, तेहेतीस टक्के नाही, सगळ्या! कायद्यात बायकांसाठी तीस टक्के राखीव जागाही नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. जिल्हा परिषदेच्या निवडणुका पुढं लांबत लांबत १९९२ ला झाल्या. पण मधल्या काळात जळगावकडच्या विटनेरसारख्या गावांत बायकांचं अख्खं पॅनेल ग्रामपंचायतीला उभं राहिलं. सांगली जिल्ह्यात कासेगावला राहणाऱ्या अभ्यासक गेल ऑम्व्हेट यांनी या बायकांबद्दल आवर्जून लिहिलं.

मग आली लक्ष्मीमुक्ती. नवऱ्यानं आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावावर करायचा. गावातल्या शंभर घरांनी केलं की ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. पुरुषांपुढं उभं राहून "जमीन बायकोच्या नावावर करा" म्हणायचं, तेही शेतकऱ्यांचा पुढारी असताना! मतं जातील, माणसं तुटतील, हा हिशेब त्यांनी केला नाही. आमच्या अण्णांनी त्या वाऱ्यात आईच्या नावावर थोडी जमीन केली. सातबाऱ्यावर स्वतःचं नाव बघून आई म्हणाली होती, "आता मला कुणी ऊठ म्हणायचं नाही." पुढं मी ग्रामपंचायतीला उभी राहायचं म्हटलं, तेव्हा घरात पहिला होकार तिचाच होता.

अशा माणसानं विरोधात मत का दिलं? त्यांचा आक्षेप होता तो राखीव मतदारसंघ दर निवडणुकीला फिरवण्यावर. यावेळी ही जागा बाईची, पुढच्या वेळी दुसरी. मग निवडून आलेली बाई तो मतदारसंघ जिवापाड जपेल कशाला, आणि तिथं पाय रोवेल तरी कधी?

हे मला पुस्तकातून समजून घ्यावं लागलं नाही. माझा वॉर्ड महिलेसाठी राखीव होता म्हणून मी सदस्य झाले. पहिली दोन वर्षं ठराव कसा मांडायचा, निधी कुठल्या कामाला वळवता येतो, ग्रामसेवकाला काय विचारायचं, हे शिकण्यात गेली. पाण्याच्या टाकीचं काम मार्गी लागलं आणि मुदत संपली. सोडतीत शाळेतल्या पोरानं चिठ्ठी उचलली, वॉर्ड खुला झाला. लगेच गावातले कारभारी म्हणाले, "वहिनी, आता तुमचं झालं." माझ्या कामाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. असं किती जणींचं झालं असेल. पाच वर्षांत बाई तयार होते आणि तिला घरी बसवतात.

तरीही मी त्यांच्याशी सगळीकडे सहमत नाही. राखीव जागा नसती, तर कुठल्याच पॅनेलनं मला तिकीट दिलं नसतं. आज महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत; त्यातूनच आमच्यासारख्या सभेत बोलायला शिकल्या. त्या दिवशी मी सभागृहात असते, तर बाजूनंच मत दिलं असतं. पण त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. २०२३ च्या महिला आरक्षणाच्या कायद्यातही फिरत्या जागा आहेतच. शरद जोशी आज असते तर पुन्हा उभे राहून तेच बोलले असते, एकटे पडले असते तरी.

संध्याकाळी आम्ही तिघी माजी सदस्या बसलो होतो. खुल्या जागेवर बाईनं उभं राहू नये असं कायदा कुठंच म्हणत नाही. म्हणतं ते गाव. पुढच्या सोडतीत चिठ्ठी काहीही निघो, आपापल्या वॉर्डातून अर्ज भरायचा, असं आमचं ठरलंय. घरपट्टीची थकबाकी आधी भरून टाकायची, म्हणजे छाननीत कुणाला बोट ठेवायला जागा नको.