मालकालाच नाही म्हणतो

लिनक्स मिंट ही विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी सिस्टिम, तिच्यात फोल्डरच्या मोकळ्या जागेवर राईट क्लिक केलं की 'ओपन अ‍ॅज रूट' असा ऑप्शन येतो, रूट म्हणजे मशीनवर सगळे अधिकार असलेलं खातं, पासवर्ड टाकला की नेमोची, म्हणजे तिथल्या फाईल मॅनेजरची, नवीन खिडकी उघडते आणि तिच्या डोक्यावर आडवी लाल पट्टी. बाकी सगळं तेच, तेच फोल्डर, तेच कॉपी पेस्ट. फक्त या खिडकीत तुम्हाला कोणी अडवत नाही, आणि माझ्या मते खरी गोची तिथेच आहे.

नाशिकला रविवार कारंजावर एका मित्राचं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, फ्लेक्स, आणि सध्या सिंहस्थाचे स्वागताचे बोर्ड. त्याला मराठी फॉन्ट टाकायचे होते, दोन्ही पोरांच्या लॉगिनला दिसायला हवेत म्हणून थेट सिस्टिमच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये. तर तिथे पेस्टच होईना. "भो, मशीन माझं, लाईटबिल मी भरतो, आणि हा मलाच नाही म्हणतो?" चहा गार झाला तरी त्याचं हेच चालू. शेवटी लाल पट्टीवाली खिडकी दाखवली तेव्हा गडी खूश.

टर्मिनलमध्ये कमांड टाईप करताना रूटचा अधिकार उसना देणारा सुडो मला त्या मानाने शहाणा वाटतो. 1980 च्या सुमारास अमेरिकेत बफलोच्या विद्यापीठात दोघांनी तो लिहिला आणि त्याची रीत साधी, त्या एका कमांडपुरता अधिकार, काम झालं की तुम्ही परत साधे माणूस. खिडकीचं तसं नाही, ती बंद करेपर्यंत अधिकार चालूच राहतो, मधे गिऱ्हाईक येतं, फोन येतो, 'चि.सौ.कां.' मधलं टिंब राहिलेलं असतं, आणि पोरगं त्याच खिडकीत पुढची पत्रिका पेस्ट करून मोकळं होतं. दुसऱ्या दिवशी त्या फाईलवर कुलूप, कारण ती आता रूटच्या नावावर. डिलीट केलेल्या फाईलची तर अजूनच गंमत, ती जाते रूटच्या ट्रॅशमध्ये, म्हणजे पोराचा ट्रॅश रिकामा, डिस्क मात्र भरलेलीच, आणि दुकानभर शोधाशोध.

याहून बेकार गोष्ट म्हणजे फाईल मॅनेजर नुसत्या फाईली दाखवत बसत नाही, तो प्रत्येक फोटोची, पीडीएफची छोटी चित्रं पण बनवतो, म्हणजे फाईल आतून उघडून वाचतो. आता गिऱ्हाईकाचा कुठून कुठून फिरून आलेला पेन ड्राईव्ह लाल पट्टीत उघडला तर ते वाचणंसुद्धा रूटच्या ताकदीने व्हायची शक्यता. नको रे बाबा.

म्हणून तर केडीई या लिनक्सच्या दुसऱ्या डेस्कटॉपच्या डॉल्फिन नावाच्या फाईल मॅनेजरने 2017 मध्ये रूट म्हणून उघडायलाच नकार दिला होता, लोक जाम चिडले होते. आणि उबुंटू या दुसऱ्या लिनक्समध्ये लोक ज्याने सर्रास असल्या खिडक्या उघडायचे तो जीकेसुडो 18.04 पासून गायबच झाला, नवीन मशीनवर जुना उपाय टाईप केला की कमांड सापडत नाही म्हणून उत्तर. आता बरा रस्ता म्हणजे अ‍ॅड्रेसच्या पट्टीत अ‍ॅडमिन, मग कोलन, मग दोन तिरप्या रेघा आणि पुढे फोल्डरचा पत्ता. यात खिडकी तुमच्याच नावावर चालते, फक्त फाईल हलवायचं काम मागे दुसरा प्रोग्रॅम पासवर्ड विचारून करतो. डॉल्फिनलाही आता असंच काम करणारा एक जोड-प्रोग्रॅम मिळतो. थोडं किचकट आहे, पण मला हेच पटतं, गडी कामापुरता बोलवावा, त्याला गल्ल्यावर बसवू नये.

मित्राला हे सगळं नीट समजावलं, त्याने मान पण डोलावली. मग म्हटलं, पासवर्ड तेवढा पोरांना देऊ नको. तर म्हणे, मी दुपारी जेवायला पंचवटीत घरी गेलो की मग फॉन्ट कोण टाकणार? पासवर्ड त्याने ठळक मराठी फॉन्टमध्ये छापून, लॅमिनेट करून, मॉनिटरच्या खाली चिकटवलाय.