आठवीच्या वरचा मजला

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला उतरून जांभळी नाक्यावरून टेंभी नाक्याकडे चालत गेले की गर्दीच्या त्या भागात बी. जे. हायस्कूल लागते. ठाण्यातल्या जुन्या शाळांपैकी ही एक, आज जिल्हा परिषदेकडे असलेली. नावातले बी. जे. म्हणजे मुंबईचे पारशी दानशूर बैरामजी जीजीभॉय (1822–1890). पुणे आणि अहमदाबाद येथील वैद्यकीय महाविद्यालयांवरही हेच नाव आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी कचेरी, न्यायालय, तुरुंग आणि हायस्कूल ही चार ठिकाणे चालत जाता येईल इतक्या अंतरात असावीत, अशी इंग्रजी अमलातल्या गावांची मांडणी ठाण्यात अजून ओळखू येते. तेव्हाचे ठाणे लहानसे गाव होते. मुंबईहून पहिली आगगाडी 16 एप्रिल 1853 रोजी येथे आली, नगरपालिका 1863 साली झाली, मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 साली उभे राहिले, आणि तरीही 1901 च्या शिरगणतीत शहराची वस्ती 16 हजारांच्या आसपासच होती. एवढ्याशा गावाला हायस्कूल असणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

1854 च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे शिक्षणविषयक सरकारी आदेशपत्राने, खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे धोरण घालून दिले, आणि 1882 च्या हंटर आयोगाने तर माध्यमिक शिक्षणाचा भार हळूहळू खाजगी संस्थांवर सोपवून सरकारने जिल्ह्यागणिक एखादे आदर्श हायस्कूल तेवढे चालवावे, असे सुचवले. परिणाम असा झाला की मराठी चौथी गावात, फार तर सातवी मोठ्या गावात, आणि त्यापुढचे ‘इंग्रजी पहिली ते सातवी’ मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा जिथे कोणा संस्थेने पदरमोड केली तिथे. इंग्रजी सातवी म्हणजेच मॅट्रिक. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले, त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा 1859 साली झाली, आणि पुढे सुमारे नव्वद वर्षे हायस्कुलाचा शेवट विद्यापीठाच्याच हातात राहिला. शालान्त परीक्षा मंडळाची पहिली एस. एस. सी. 1949 साली झाली. जुनी अकरावी जाऊन दहावीची पहिली परीक्षा आली ती 1975 साली. इयत्तांची नावे अशी बदलत गेली, पण गावातली शाळा जिथे संपते आणि हायस्कूल जिथे सुरू होते त्या जागी मुले गळतात, ही गोष्ट बदलायला फार वेळ लागला. ठाण्याच्या शाळेपासून निघून खाडीकाठच्या एखाद्या गावठाणातले सरकारी हायस्कूल पाहावे, असे मला वाटले ते याच कारणाने.

ठाण्याच्या नऊ-दहा नंबर फलाटांवरून ट्रान्स-हार्बरची गाडी सुटते. 2004 साली प्रवाशांसाठी सुरू झालेल्या या मार्गाने ठाणे आणि नवी मुंबई एकमेकांच्या अंगणात आली. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली अशी स्थानके ज्या गावांच्या नावांची आहेत, ती गावे जुन्या बेलापूर पट्टीतली: आगरी-कोळ्यांची, भातशेतीची, मिठागरांची आणि खाडीतल्या मासळीची. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना 17 मार्च 1970 रोजी झाली, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनींवर नवे शहर आखले गेले, आणि 1 जानेवारी 1992 पासून ठाणे तालुक्यातल्या गावांचा कारभार नवी मुंबई महापालिकेकडे आला. कोपरखैरणे स्थानकावर उतरून सेक्टरांचे सरळ रस्ते ओलांडून गेले की एका वळणावर रस्ता अचानक अरुंद होतो, इमारती एकमेकींना टेकतात, गावदेवीचे देऊळ आणि शेजारचा तलाव दिसतो. तिथून पुढे गावठाण. ज्या शाळेत मी गेले तिचे नाव येथे लिहीत नाही, कारण मुख्याध्यापिका बाईंनी तशी विनंती केली आणि ती मला रास्त वाटली.

शाळेची सध्याची इमारत चार मजली आणि पालिकेच्या इतर इमारतींसारखीच आहे. तिच्यात पाहण्यासारखे बाहेरून काही नाही. मूळची कौलारू शाळा लोकल बोर्डाच्या काळातली होती. 1962 च्या 1 मे रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हा ती ठाणे जिल्हा परिषदेकडे गेली आणि पुढे महापालिकेकडे आली. मालक दोनदा बदलले, पण कार्यालयातले एक पोलादी कपाट या सगळ्यांतून तसेच पुढे आले. त्यात जनरल रजिस्टरे आहेत.

मुख्य लिपिकांनी सर्वांत जुने रजिस्टर टेबलावर ठेवले तेव्हा त्याखाली आधी जुनी वर्तमानपत्रे पसरली, कारण पानांच्या कडा हात लावताच सुटतात. आडव्या लांब पानांवर रकाने आखलेले: अनुक्रमांक, मुलाचे नाव, जात, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, पूर्वीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा. आईच्या नावाचा रकाना नाही. तो नंतरच्या रजिस्टरांत येतो. शाई जांभळट पडलेली, अक्षर मात्र मोत्यासारखे, आणि काही शेरे मोडी लिपीत. मी ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यावरून बोट न टेकवता नजर खाली नेत गेले. ‘सतत गैरहजर’. ‘घरकामाकरिता’. ‘मिठागरावर कामास’. ‘घरकामाकरिता’. ‘चौथी पास’. पुन्हा ‘घरकामाकरिता’, आणि जिथे हा शेरा आहे तिथे नाव बहुतेक वेळा मुलीचे. ‘पुढील शिक्षणासाठी’ असा शेरा शोधावा लागतो. तो सापडला की लिपिक साहेबांनाही बरे वाटत असावे, कारण अशा दोन-तीन नोंदी त्यांनी स्वतःहून काढून दाखवल्या.

हे रजिस्टर आज या शाळेचा सर्वांत जास्त वापरात असलेला दस्तऐवज आहे. जातपडताळणीसाठी इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि पुष्कळ कुटुंबांकडे आजोबा-पणजोबांचा असा एकच कागद असतो: शाळेतली नोंद. 2023 साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा राज्यभर जुन्या शाळांची कपाटे उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. जो मुलगा चौथीतून मिठागरावर गेला, त्याच्याच नावाची ओळ आता पणतीच्या महाविद्यालयीन प्रवेशाला उपयोगी पडते. अशा रजिस्टरांचे छायाचित्रण करून त्यांची प्रत दुसरीकडे ठेवणे हे काम प्रत्येक शाळेत तातडीने व्हायला हवे, असे मला मनापासून वाटते. वाळवी आणि गळके छत कोणाची वाट पाहत नाहीत.

दाखल्याची नक्कल घ्यायला आलेले एक काका बाकावर बसले होते. त्यांनी याच शाळेत चौथी केली. “आमच्या वेळंला पुढं शिकायचं म्हणजे ठाणं गाठायला लागायचं,” ते म्हणाले. “ज्याचा मामा नाय तर आत्या तिथं ऱ्हायची, तोच शिकला.” त्यांचे थोरले भाऊ कळव्याला नातेवाइकांकडे राहून मॅट्रिक झाले, स्वतः काका शिकले नाहीत, कारण दोन मुलांना पाठवण्याची घराची ऐपत नव्हती. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. नातवाला येथेच, घरापासून हाकेच्या अंतरावर, दहावीपर्यंत शिकता येते, हे मात्र त्यांनी दोनदा सांगितले.

ही दहावी या इमारतीत सहज आलेली नाही. महापालिकेवर कायद्याने बंधन आहे ते प्राथमिक शिक्षणाचे. माध्यमिक वर्ग चालवणे हे तिच्या ऐच्छिक कामांत मोडते. शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, पण त्याचा हक्क 6 ते 14 या वयाचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाने 2009 साली दर 5 किलोमीटरच्या आत एक माध्यमिक शाळा असावी असे ठरवले. परंतु शहरात अंतराचा प्रश्न क्वचितच असतो, प्रश्न जागेचा आणि फीचा असतो. पालिकेच्या शाळेतून आठवी झालेल्या मुलाला जवळच्या अनुदानित शाळेत नववीला जागा मिळाली नाही, तर उरते ती खाजगी विनाअनुदानित शाळा, आणि तिची फी नाक्यावर कामाला उभ्या राहणाऱ्या किंवा घरकाम करणाऱ्या आईबापांना झेपत नाही. म्हणून या शाळेने आधी आठवी जोडली, मग नववी, मग दहावी. वरच्या मजल्यावरचे वर्ग सर्वांत शेवटी सुरू झाले आणि त्यासाठी बाईंनी पालिकेच्या शिक्षण विभागात किती खेटे घातले ते शाळेतल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

आठवी आणि नववी यांच्यामधली ही रेघ मधल्या सुट्टीत डोळ्यांना दिसते. पोषण आहाराची पातेली खालच्या मजल्यावर येतात. मावशी मसालेभात वाढतात, पहिलीपासून आठवीपर्यंतची मुले ताटल्या घेऊन ओळीत उभी राहतात, कारण केंद्राची योजना आठवीपर्यंतच आहे. मोफत पाठ्यपुस्तकांचेही तसेच. नववी-दहावीची मुले वरून डबे घेऊन येतात, आणि ज्यांच्याकडे डबा नसतो ती मुले त्या वेळी जिन्यात रेंगाळतात. एका वर्षापूर्वी याच ओळीत उभी राहणारी मुलगी पंधरा वर्षांची झाली म्हणून तिला भूक लागत नाही असे थोडेच आहे? या शाळेत शिक्षकांनी आपसांत वर्गणी काढून वरच्या मजल्यावर चिक्की आणि केळी ठेवायला सुरुवात केली आहे. ते चांगलेच आहे, पण हे काम शिक्षकांच्या खिशाचे नाही.

वरच्या मजल्याच्या टोकाला प्रयोगशाळा आहे, आणि मी तिथे सर्वांत जास्त वेळ थांबले. कडप्प्याचे दोन लांब ओटे, त्यांत बसवलेली बेसिने, भिंतीला काचेचे कपाट. चंचुपात्रे मापाप्रमाणे लावलेली, परीक्षानळ्या लाकडी स्टँडवर उलट्या, आम्लाच्या बाटल्यांवर मुलांनी स्वतः लिहिलेल्या चिठ्ठ्या. गॅसची जोडणी नाही, त्यामुळे स्पिरिटच्या दिव्यांवर काम चालते. दहावीच्या विज्ञानात लेखी परीक्षेचे 40-40 गुणांचे दोन भाग आणि उरलेले 20 गुण प्रात्यक्षिकाचे; हे गुण शाळेच्याच हातात असल्याने पुष्कळ ठिकाणी प्रयोगवही एकमेकांची पाहून उतरवली जाते. येथे तसे होत नाही. नववीच्या एका गटाचे उदासिनीकरण चालले होते: फिनॉल्फथॅलीन घातलेल्या सोड्याच्या गुलाबी द्रावणात एक मुलगी ड्रॉपरने आम्लाचा एकेक थेंब सोडत होती, दुसरी मोजत होती, आणि रंग गेला त्या क्षणी दोघींनी एकदम आकडा उच्चारला. मग शिकवणाऱ्या बाईंनी तोच प्रयोग त्यांना पुन्हा करायला लावला. दुसऱ्या वेळी आकडा वेगळा आला, तो का आला यावर तिथेच वाद झाला, आणि वहीत दोन्ही आकडे लिहिले गेले. चांगल्या इमारतीपेक्षा अशा एका तासाची किंमत मला जास्त वाटते.

ग्रंथालय मात्र वेगळ्या खोलीत नाही. शिक्षक कक्षातल्या तीन कपाटांनाच ग्रंथालय म्हणतात. पुस्तके बरी आहेत, देवघेव वही नीट भरलेली आहे, पण मुलांना बसून वाचायला जागा नाही. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना मुले बसतात. इंटरमिजिएटच्या श्रेणीप्रमाणे दहावीला 3, 5 किंवा 7 गुण वाढून मिळतात, याचे आकर्षण पालकांनाही आहे. मैदान म्हणजे दोन इमारतींमधली फरसबंद जागा: कबड्डीला चालते, खो-खोला अपुरी पडते. मुलींची स्वच्छतागृहे स्वच्छ होती आणि नळाला पाणी होते. दहावीपर्यंत मुली टिकाव्यात असे वाटत असेल तर ही सोय प्रयोगशाळेइतकीच महत्त्वाची आहे.

आठवीच्या वर्गशिक्षकांच्या टेबलावर एन. एम. एम. एस. परीक्षेच्या सराव प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा होता. ही शिष्यवृत्ती परीक्षा आठवीत होते आणि निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला 12 हजार रुपये मिळतात, म्हणजे नेमके जिथे मोफत पुस्तके आणि आहार थांबतो तिथून पुढे. पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाखांची असल्याने येथली जवळजवळ सगळी मुले पात्र ठरतात. अडते ते उत्पन्नाचा दाखला आणि बँक खाते यांपाशी. बाहेरगावाहून आलेल्या कुटुंबांकडे हे कागद नसतात. ते गोळा करण्यासाठी सर शनिवारी दुपारी पालकांना बोलावतात आणि अर्ज स्वतः भरून देतात.

ज्यांना अशा शाळा पाहायच्या असतील त्यांनी आधी मुख्याध्यापकांना पत्र द्यावे. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यानंतर शिक्षकांना बोलायला वेळ मिळतो. मुलांची छायाचित्रे घेऊ नयेत. आपल्या घरातले कोणी पूर्वी त्या शाळेत शिकले असेल, तर पूर्ण नाव आणि अंदाजे साल लिहून अर्ज केल्यास रजिस्टरातल्या नोंदीचा उतारा मिळतो. साल जितके नेमके, तितका शोध लवकर लागतो. आणि जाताना शाळेला काही द्यायचेच असेल, तर आधी विचारावे: या शाळेला सध्या नववी-दहावीच्या पाठ्यपुस्तकांचे संच आणि वाचनासाठी दोन लांब टेबले हवी आहेत.