तुम्ही विचारलंत म्हणून: मुळा-मुठा सोडून ट्राउटसाठी हिमाचल कशाला?

सोसायटीमागच्या मैदानावर फ्लायची (किड्याची नक्कल बांधलेल्या गळाने मासे धरायची) काठी फिरवताना कुणी ना कुणी थांबतंच. ‘काका, मुळा-मुठा दारात असताना हिमाचलपर्यंत कशाला जाता? आणि धरलेला मासा सोडून देता म्हणे?’ पुण्यात प्रश्न विचारणारा उत्तरासाठी थांबतोच असं नाही, म्हणून लिहूनच टाकतो.

ट्राउट हा थंड पाण्यातला मासा, त्याला गारच पाणी लागतं. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि माशाची गरज मात्र वाढते. आपल्याकडचा मे महिना त्याला कसा झेपणार? तसा तो हिमाचलचाही नव्हे. इंग्रजांनी विलायतेहून अंडी आणून तो काश्मीर, कुलूकडच्या नद्यांत सोडला. मी जातो ती तीर्थन नदी कुलू जिल्ह्यातच, बंजारच्या बाजूला. हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउट धरायला बंदी असते, अंडी घालण्याचा काळ म्हणून. बंदी उठली की लगेच, मार्चच्या सुरुवातीला जावं. थंडी सरत आलेली असते, वरचा बर्फ अजून फारसा सुटलेला नसतो, त्यामुळे पाणी कमी आणि तळातला गोटा न् गोटा दिसतो.

अर्थात माशालाही तुम्ही दिसता. शिवाय गारठ्यात त्याची भूक मंदावलेली. वर उडणाऱ्या किड्यासाठी तो उसळी मारत नाही. संथ डोहात तळाशी बसतो आणि तोंडासमोरून वाहत जाईल तेवढंच टिपतो. तेव्हा पहाटेचा गजर लावू नका. अकरा ते तीन ही खरी वेळ. ऊन पडून पाणी अंशभर तापलं तरी फरक पडतो.

अशा वेळी चालते ती निंफ, म्हणजे दगडाखाली वाढणाऱ्या किड्याच्या पिल्लाची नक्कल. ती मी घरीच बांधतो. तांब्याची बारीक तार तपकीर गल्लीतली. बारीक गळ व्हाइसमध्ये, म्हणजे छोट्या शिकंज्यात, पकडायचा, टोकाला धातूचा मणी ओवायचा, दोऱ्याचे वेढे घ्यायचे, गळून पडलेल्या मोरपिसाचे तीन-चार तंतू एकत्र पिळून गुंडाळायचे आणि वरून तार उलट्या दिशेने फिरवायची, म्हणजे माशाच्या दातांनी तंतू उसवत नाहीत. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकायचा. मासा सोडताना जखम कमी होते.

फेकण्याची गंमत निराळीच. इथे वजन गळाला नसतं, दोरीला असतं. काठी मागे नेली की थांबायचं, दोरी मागे सरळ होऊ द्यायची, मगच पुढे. सिग्नल हिरवा व्हायच्या आत गाडी काढणाऱ्या आम्हा पुणेकरांना नेमकं तेच थांबणं जड जातं. दोरीला केशरी लोकरीचा तुरा बांधलेला असतो. तो वाहता वाहता जरासा अडला की काठी उचलायची. बहुतेक वेळा दगड निघतो.

मासा निघालाच तर हात ओले करून धरायचा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. तोंड प्रवाहाकडे ठेवून दमेपर्यंत नव्हे, दम परत येईपर्यंत आधार द्यायचा. खायला ट्राउट हवा असेल तर तिकडे तळ्यात वाढवलेला मिळतो.

राहिली मुळा-मुठा. दख्खनचा महसीर मासा, शास्त्रीय नाव टॉर खुदरी, कर्नल साइक्स या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने १८३९ साली नोंदवला तो याच पाण्यातून. आज लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात त्याची पिल्लं वाढवून पाण्यात सोडावी लागतात. घरच्या माशावर ही पाळी आलेली असताना त्याच्यामागे गळ घेऊन लागायला माझं मन होत नाही. ट्राउट पाहुणा, आणि तोही काही गरीब नव्हे. तिथल्या मूळच्या माशांच्या खाण्यात वाटा मागतोच.

यायचं असेल तर परवाना तिथल्या मत्स्य विभागाकडून काढा. आणि निघण्याआधी गाठी डोळे मिटून मारता येतील इतका सराव करा, कारण त्या पाण्यात बोटांना काही कळत नाही.