जाधव खटला आणि माझा सेमिनार पेपर

आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए. करतेय म्हटलं की घरीदारी एकच अर्थ निघायचा: यूपीएससीची तयारी. मामा तर थेट विचारायचे, "मग आयएफएस कधी?" जेएनयूत प्रवेश सीयूईटी-पीजी या सामाईक प्रवेश परीक्षेतून मिळाला. बहुपर्यायी परीक्षा, त्यामुळे वेस्टफालिया १६४८, पंचशील १९५४, बांडुंग १९५५ अशी घोकंपट्टी कामी आली. आत गेल्यावर त्या सनावळ्यांना कुणी विचारलं नाही. वास्तववाद, उदारमतवाद, रचनावाद या सिद्धांतांत पहिलं सत्र संपलं. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. वाचावं लागतं, आणि पहिल्या वाचनात काही पदरात पडत नाही.

खरा कस लागला सेमिनार पेपरला. मी कुलभूषण जाधव खटला निवडला: पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने हेरगिरीच्या आरोपावरून या भारतीयाला फाशी सुनावली, त्याविरुद्ध भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. सरांनी विषय मंजूर केला, पण अट घातली: "बातम्या नकोत, निकालपत्र वाच. आणि आधी अधिकारक्षेत्र, म्हणजे न्यायालयाला हा खटला ऐकता कशामुळे आला ते."

आपल्याकडे लोकांच्या लक्षात राहिलं ते भारताचे वकील हरीश साळव्यांचं एक रुपया मानधन आणि १७ जुलै २०१९ चा १५ विरुद्ध १ असा कौल. निकालपत्रातली गोष्ट जास्त किचकट आहे. हेगच्या न्यायालयासमोर भारताला उभं राहता आलं ते वाणिज्यदूतीय संबंधांवरच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराला जोडलेल्या ऐच्छिक प्रोटोकॉलमुळे, म्हणजे या करारावरचे वाद त्या न्यायालयात नेऊ देणाऱ्या जोडकरारामुळे; दोन्ही देश त्यात सामील होते. म्हणजे न्यायालयाचा दरवाजा तेवढाच उघडा होता. परदेशात अटक झालेल्याला आपल्या देशाच्या वाणिज्यदूतांशी संपर्काचा हक्क देणारं कलम ३६ मोडलं का, एवढंच तपासता येणार. लष्करी न्यायालयाची शिक्षा योग्य की अयोग्य, हे त्या चौकटीत बसत नव्हतं. हेरगिरीच्या आरोपाला कलम ३६ लागू नाही आणि वाणिज्यदूतीय संपर्काबाबतचा २००८ चा भारत-पाकिस्तान करार त्याच्या वरचढ आहे, हे पाकिस्तानचे दोन्ही मुद्दे न्यायालयाने फेटाळले. पण शिक्षा रद्द करून सुटका करा, ही आपली मागणीही मान्य झाली नाही. मिळाला तो शिक्षेचा परिणामकारक पुनर्विचार.

हे मामांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "अगं, मग जिंकलो की नाही?" मी म्हटलं, "कलम ३६ वर जिंकलो, सुटकेवर नाही." त्यांना ते पटलं नाही. बरोबरच आहे, टीव्हीवर इतकं कोण ऐकून घेतं!

पेपर परत आला तेव्हा समासात एक प्रश्न होता: पुनर्विचार परिणामकारक झाला की नाही, हे ठरवणार कोण? म्हणून पुढच्या सत्रात मेक्सिकोचा अव्हेना खटला काढला; अमेरिकेत मृत्युदंड सुनावलेल्या मेक्सिकन नागरिकांच्या बाबतीत हेच कलम ३६ मोडल्याचा तो खटला. तिथेही २००४ मध्ये याच न्यायालयाने अमेरिकेला शिक्षांचा फेरविचार करायला सांगितलं होतं. २००८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल देशातल्या न्यायालयांवर आपोआप बंधनकारक नसल्याचं ठरवलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टेक्सासने त्या मेक्सिकन नागरिकांपैकी एक असलेल्या होजे मेडेलिनला मृत्युदंड दिला.